मार्था रांगेतून बाहेर गेली

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, पापनिवेदनात फादरांपाशीही नाही. तुम्हाला सांगतेय, पण मन हलकं व्हावं म्हणून नाही — ते होणारही नाही.

मार्था माझी नणंद. आम्ही श्रीरामपूरकडचे. नवरा फौजेतून निवृत्त झाला आणि आम्ही जयपूरलाच राहिलो. मार्था इथल्याच एका हॉस्पिटलात नर्स. पहिला नवरा मारायचा, त्याला सोडून ती आमच्याकडे आली होती. चर्चमधलं ते लग्न मात्र तसंच राहिलं. पुढे तिने जयपूरजवळच्या बगरू गावच्या गोविंदजींशी कोर्टात लग्न केलं. कापडावर छपाई करणारा माणूस, बोटं कायम निळी.

मला ती सहन व्हायची नाही. का? — वाईट होती म्हणून नव्हे. जेवायला बसलं की गोविंदजी आधी तिच्या ताटात पोळी वाढायचे. माझ्या नवऱ्याने बावीस वर्षांत मला पाण्याचा पेला दिला नाही. आणि सासूबाई माझ्या हातचं खाऊन कौतुक तिचं करायच्या. दुसऱ्याचं सुख इतकं डोळ्यांत खुपतं? मला खुपायचं.

आमचा नियम असा — पहिलं लग्न चर्चने रद्द ठरवल्याशिवाय दुसरं केलं, तर मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बसता येतं; कम्युनियन, फादर हातावर ठेवतात ती पवित्र भाकर, घेता येत नाही. आणि रविवारची मिस्सा मुद्दाम चुकवली, तर तेही मोठं पाप. पापनिवेदन केल्याशिवाय कम्युनियनच्या रांगेत जायचं नाही. आता माझं ऐका — सासूबाईंना मिस्सेला जाते सांगून मी कितीतरी रविवार मैत्रिणीकडे चहा पीत बसलेय. पुढच्या रविवारी सरळ रांगेत. माझ्यावर कुणी नजर ठेवली नाही. तिच्यावर मी ठेवली.

चर्चमध्ये नवे फादर आले होते. त्यांना काही माहीत नव्हतं. ईस्टरच्या आधी मी एकटीच त्यांच्या ऑफिसात गेले. धर्माची फार काळजी असल्यासारखा चेहरा केला — आणि सांगितलं. हो, मी सांगितलं.

ईस्टरला मार्था नवी साडी नेसून रांगेत आली, हात पुढे केले. फादर हळूच म्हणाले, "बहनजी, आप बाद में मुझसे मिलिए," आणि तिच्या मागच्या बाईकडे वळले. तिचे हात तसेच. मग ती रांगेतून बाहेर पडली — सगळ्यांच्या देखत, थेट दाराबाहेर. मला काय वाटलं? बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्याच दुपारी ती माझ्याकडे आली. "वहिनी, फादरांना कुणी सांगितलं असेल?"

"मला काय ठाऊक? कोर्टात सही करायला सिसिलियाच होती ना?"

सिसिलिया तिची हॉस्पिटलातली जिवाभावाची मैत्रीण. मतलब, एका वाक्यात मी ती मैत्रीही तोडली. सिसिलिया रडत आली होती — "दीदी, मैंने कुछ नहीं कहा, आप मार्था को समझाइए ना." मी तिला चहा करून दिला. मार्थाला काही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेला मार्था आली, सहा वर्षांनी. बाकाच्या कडेला बसली. मी तिच्या पलीकडे, आत. कम्युनियनला सगळे उठले. ती उठली नाही. गुडघे बाजूला घेऊन तिने मला वाट दिली.

"तुम्ही जा, वहिनी," ती म्हणाली. "आईसाठी घ्या."

मी गेले. आमेन म्हटलं. घेतलं.