कराचीला जाणारं पाणी

नव्या जीन्सची घडी उलगडली की तिचा कोरा, रंगाचा वास येतो आणि मी वालधुनी नदीच्या काठावर जाऊन पोहोचते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी कॉलेजात होते आणि उल्हासनगरात ‘समुद्र वाचवा’ अशी पत्रकं वाटत फिरायचे. शेजारच्या सिंधी काकांचा जीन्स धुण्याचा कारखाना होता. त्याचं निळं पाणी थेट नदीत जायचं. एके दिवशी काठावर माझं पत्रक वाचून ते हसले. “काय बेटी, हा तर नाला आहे. समंदर किधर से लाई?” मी भांडायच्या तयारीत होते, तेवढ्यात त्यांची म्हातारी आई मुठीत तांदूळ-साखर घेऊन आली. झूलेलालच्या, म्हणजे सिंध्यांच्या जलदेवाच्या, नावानं ती ते पाण्यात सोडायची. एवढ्या घाण पाण्यात कशाला, हे कुतूहल मला कधीचं होतं. विचारलं, तर म्हणाली, “ये पानी समंदर में जाता है, पुट. समंदर कराची को लगता है. मेरा मायका उधर है.” मी म्हटलं, “अम्मा, मग हा निळा रंगपण तिकडेच जाणार ना?” तिनं पाण्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. “इसमें तेरा कितना है?” काका पुटपुटले, “अम्मा, धंदा है. पाणी साफ करायची टाकी बांधली तर खर्चा किती...” तिनं तांदूळ-साखर ओढणीच्या टोकाला बांधली. “चल, पहले तेरा पाइप दिखा.” ती पुढे, मागे मान खाली घालून काका आणि त्यांच्यामागे मी. नंतर मी कितीतरी मोर्चांत चालले, पण इतकी चांगली पुढारी मला पुन्हा मिळाली नाही.