कापडातून गाळलेलं डिझेल

“चाळण येवढी बारीक लावलीय का पीठच खाली पडंना,” गॅरेजचा मिस्त्री पप्पांना सांगत होता. मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला, उघड्या दाराआड उभी होते. मला ऐकू जात नाही असं त्याला वाटलं असावं. “शिकलेल्या पोरींचं आसंच आसतं, भाऊ. मोबाईलवर वाचायचं आन गाडीला लावायचं.”

पप्पा हसले. मिस्त्रीच्या बोलण्यावर ते नेहमीच हसतात, पण त्या दिवशी जरा जास्त वेळ हसले.

तो ज्याला चाळण म्हणत होता, तो आमच्या पिकअपचा डिझेल फिल्टर मी निवडला होता. बसवून महिनाही झाला नव्हता. सकाळी वज्रेश्वरीच्या रस्त्याला, चढावर, मागे कापडाचे ताके भरलेले असताना गाडीने दम सोडला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ती चालत्या माणसाच्या वेगाने सरकत होती. मागून हॉर्न. एक रिक्षावाला शेजारून जाताना आत वाकून बघून गेला, आणि बाई चालवते आहे हे पाहिल्यावर पुन्हा एकदा बघून गेला. कशीबशी गॅरेजपर्यंत आणली. पप्पांना फोन केला तेव्हा मी फक्त “गाडी थांबली” एवढंच म्हणाले.

पप्पांच्या एका डोळ्याची नजर गेल्यापासून गाडी मी चालवते. आमचं गाव गणेशपुरीच्या बाजूला, पण माझा जन्म भिवंडीतल्या टेमघरचा. पप्पांनी मला इंग्रजी शाळेत घातलं ते गाडी चालवण्यासाठी नक्कीच नाही. कॉलेजातल्या मैत्रिणी नोकऱ्यांना लागल्या, त्यांचे ग्रुप वेगळे झाले, त्यातून मला कोणी काढून टाकलं नाही, पण माझ्या नावाने कोणी काही विचारलंही नाही. मी सकाळी यंत्रमाग कारखान्याच्या मालकाकडून ताके भरते आणि धुण्या-रंगवण्यासाठी प्रोसेसला पोचवते. माल उतरेपर्यंत केबिनमध्ये बसते आणि डबाही तिथेच खाते. हमाल मला मॅडम म्हणतात. मी चहाच्या टपरीजवळ गेले की त्यांचं बोलणं थांबतं, म्हणून मी जात नाही.

कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण मला ते काम आवडतं. कारखान्याच्या दारात मागांचा इतका खडखडाट असतो की तिथे कोणीच बोलत नाही, सगळे हातांनीच सांगतात. तिथे मी इतरांसारखीच असते. आणि केबिनचं दार लावलं की ती जागा माझी असते. घरात मला अशी जागा नाही.

म्हणून नोझलचं प्रकरण माझ्या जिवाला लागलं होतं. इंजिनात डिझेल ज्या नोझलमधून फवारलं जातं, त्याची छिद्रं जेमतेम केसाच्या जाडीची. त्यात घाण गेली की नोझल बाद. वर्षभरात दोनदा गेले. दुसऱ्या वेळी पप्पा जेवता जेवता म्हणाले, “आता पुन्हा गेले तर गाडी काढून टाकायची.” आईने पोळी वाढली.

त्यानंतर मी वाचायला लागले. गाडीचं पुस्तक, लोकांचे अनुभव, फिल्टर विकणाऱ्यांची पानं, सगळं इंग्रजीत. कोणता फिल्टर किती बारीक कण अडवतो ते मायक्रॉनमध्ये लिहिलेलं असतं. आकडा जितका लहान, तितकी जाळी बारीक. पण फक्त बारीक घेऊन भागत नाही. तो लवकर भरतो. त्याच्या आधी एक जाड फिल्टर लागतो, खाली पारदर्शक वाटी असलेला, जो मोठी घाण आणि पाणी अडवतो. आधी जाड, मग बारीक. हे मला इतकं नीट समजलं होतं की परीक्षेत विचारलं असतं तर आकृती काढून दिली असती.

स्पेअर पार्टच्या दुकानात मात्र काउंटरला माणसं टेकली होती. दुकानदाराने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि विचारलं, “सोबत कोण आहे?” मी मोबाईल पुढे केला आणि पडद्यावरच्या बारीक फिल्टरवर बोट ठेवलं. त्याने तो दिला. दुसरा मागायला तोंड उघडावं लागलं असतं. वाक्य माझ्याकडे होतं, पण इंग्रजीत. ते मराठीत जुळवेपर्यंत मी पुन्हा गाडीत येऊन बसले होते.

आता मिस्त्री हॅक्सॉ ब्लेडने तोच फिल्टर कापत होता. “दाखवतो तुमाला काय झालंय,” तो पप्पांना म्हणाला. पत्र्याचं डबडं उघडलं, आतला घड्या घातलेला कागद बाहेर काढून त्याने फळीवर पसरला. मीही जवळ गेले.

“बघा, कसा चोक झालाय,” मिस्त्री म्हणाला. “डिझेलच घाण हाय तुमचं.”

“डिझेल घाण कसं?” पप्पा म्हणाले. “मी सोता गाळून घेतो की. चार पदरी कोरं कापड. थेंब न्हाय जात तसाच.”

आमचं बरंचसं डिझेल मालकाकडून येतं. लाईट गेली की त्याचा जनरेटर चालतो, त्यासाठी ड्रम भरून ठेवलेला असतो, आणि भाड्याचा काही हिस्सा तो त्यातून देतो. इथे पुष्कळांचं असंच चालतं. ड्रमच्या तळाला पाणी असतं, गंज असतो. म्हणून पप्पा कॅन घरी आल्यावर नरसाळ्यावर मागावरून उतरलेलं कोरं कापड घालतात आणि हळूहळू ओततात. भिवंडीत कापडाला तोटा नाही. आमच्याकडे दूध, तेल, डिझेल, सगळं त्यातून जातं. पप्पांचा जुना टेम्पो याच गाळलेल्या डिझेलवर वर्षानुवर्षं चालला, आणि त्याने कधी तक्रार केली नाही. डोळा गेल्यापासून गाडीचं हे एवढंच काम त्यांच्याकडे उरलंय. सकाळी दारात उकिडवे बसून ते नरसाळं धरतात, तेव्हा शेजाऱ्यांशी बोलतानाही त्यांचा हात हलत नाही.

“मंग झालं तर,” मिस्त्री म्हणाला. “एकदा गाळलेलं हायच, वर आनखी ही बारीक चाळण कशाला? जुना येतो तोच टाकतो. गाडी पळंल.”

“टाक,” पप्पा म्हणाले.

मी कागदाच्या घड्यांकडे बघत होते. वर काळा थर होता, तो ड्रमचा. पण घडीच्या आत, जिथे मिस्त्रीचं बोट पोचलं नव्हतं, तिथे मळकट पांढरं काहीतरी चिकटलं होतं. मी नखाने उचललं. ओली लव. कापसाची. हीच लव माझ्या डॅशबोर्डवर बसते, ओढणीला लागते, संध्याकाळी तोंड धुताना भुवयांतून निघते. कोऱ्या कापडातून ती सुटत राहते, आणि विणण्याआधी सुताला लावलेल्या सायझिंगच्या कांजीची भुकटीही. पप्पा ज्या कापडाने घाण अडवत होते, तेच कापड टाकीत घाण सोडत होतं. पाणी तर त्यातून आरपार जात होतं. जुन्या टेम्पोला हे सगळं पचत होतं. या गाडीला पचत नव्हतं. आणि माझ्या फिल्टरने ते अडवलं, म्हणून या वेळी नोझल वाचले होते.

मिस्त्रीने जुन्या प्रकारचा फिल्टर खोक्यातून काढला. तो बसला असता तर गाडी खरंच पळाली असती, पुढचे नोझल जाईपर्यंत. मग ती विकली गेली असती.

माझ्या बोटावर ती लव होती. हे सांगायचं तर मिस्त्रीसमोर सांगावं लागणार होतं की पप्पांच्या हातानेच हे होत आलं. घरी सांगेन, असं मनात आलं. पण घरी गेल्यावर मी काहीच सांगत नाही, हे मला ठाऊक होतं.

“थांबा,” मी म्हणाले.

मिस्त्रीने वर पाहिलं. माझा आवाज त्याने बहुधा पहिल्यांदाच ऐकला असेल.

मी बोट पप्पांच्या चांगल्या डोळ्यासमोर धरलं. त्यांनी माझं मनगट पकडून जवळ ओढलं, लव दोन बोटांत घेतली, चोळली. त्यांनी लहानपणापासून मागावरचं कापड हाताळलंय. त्यांना सांगावं लागलं नाही.

“कापडाचं हाय,” ते म्हणाले.

“हो.”

“माज्या.”

मिस्त्री खोका बाजूला ठेवून पाने पुसायला लागला, आणि त्याबद्दल मला बरं वाटलं.

पप्पांनी बोटं पँटला पुसली. “मंग ऱ्हावदे आता,” ते म्हणाले. “येवढी उस्तवारी कोनासाठी करायची? काढून टाकू गाडी. तुजा तरी जीव सुटंल, बाय. येवढी शिकलीस आन हमालांच्यात बसतेस दिवसभर. मला काय दिसत न्हाय व्हय?”

गेलं वर्षभर ते गाडी विकायचं का म्हणत होते, ते मला तेव्हा कळलं. मी रोज गप्प घरी येत होते आणि ते माझं गप्प राहणं मोजत होते.

“मला नाही सुटायचं, पप्पा,” मी म्हणाले. “मला आवडतं. गाडी विकू नका. मिस्त्री, बारीकच लावा, आणि त्याच्या आधी पाणी अडवणारा जाड फिल्टर पण. दोन्ही मीच मागून आणते दुकानातून.”