भोपळ्याच्या सालीवरचा उन्हाळा

गल्लीतले लहानथोर त्यांना फोटोमामा म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी स्टुडिओ चालवला आणि चाळीस वर्षं लोकांच्या सुरकुत्या घालवल्या. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवली, की साठीची बाई पन्नाशीची होऊन खुशीत घरी जायची. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला. मामांनी शटर ओढलं आणि खिडकीत बसून रस्ता बघायला लागले.

एकदा थोरल्या बहिणीचा, आक्काचा फोन आला.

"भोपळा चौघांनाही उचलत नाही रे. रविवारी प्रदर्शनात न्यायचाय. जुना कॅमेरा घेऊन ये."

"नातीच्या फोनवर काढ की."

"तिला सदा घाई. तू ये."

आक्काचे यजमान त्याच उन्हाळ्यात गेले होते. वेल त्यांच्याच हातची. आक्काशी काय बोलायचं, हेच मामा वाटभर जुळवत होते. पण परसात पाऊल टाकलं आणि त्यांनी तोंडात बोटच घातलं. पोटभर जेवलेले हेडमास्तर लवंडावेत, तसा तो भोपळा एका कुशीवर पडला होता.

"गणितात तुला मिळायचे, त्यांचाच थोरला भाऊ," आक्का म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

तिला शेजारी उभी करून मामांनी रीतसर फोटो काढला. तेवढ्यात सकाळचं तिरपं ऊन परसात आलं आणि सालीवरचं सगळं उठून दिसायला लागलं. देठाजवळच्या घड्या, खरबरीत जाळी, चामखिळींसारखे फोड, भरून आलेल्या भेगा. मामांनी अगदी जवळचं टिपणारी लेन्स चढवली आणि सरळ पोटावर पडले. लहानपणी दोघा भावंडांना एकदमच गोवर निघाला होता, तेव्हा एकाच खाटेवर पडून भिंतीच्या पोपड्यांत ती दोघं माणसांचे चेहरे शोधायची. एक नाकाड्या न्हावी होता, एक रागावलेली मावशी. मामा तसेच शोधत राहिले. रोल कधी संपला, कळलंही नाही.

शुक्रवारी भोपळा बुडाशी तडकला. तडकलेला भोपळा प्रदर्शनात घेत नाहीत. आक्कानं कपाळाला हात लावला, मग सुरी काढली. आळीभर फोडी गेल्या. बिया तेवढ्या तिनं खिडकीत वाळत घातल्या.

आठवड्यानं मामा फोटो घेऊन आले. आक्कानं चष्मा लावला.

"हे फोड गारांचे. बादली पालथी घालेपर्यंत बसलाच मार." दुसरा उचलला. "इथं पान घासायचं. रोज बाजूला करायचे मी."

मग एका फोटोवर तिचं बोट थांबलं. आडवी, रुंद भेग. कडांना लाकडासारखी खपली धरलेली. मामांना सगळ्यांत आवडलेला फोटो तोच.

"हा दवाखान्यातला आठवडा," ती हळूच म्हणाली. "पाणी घालायला कुणी नव्हतं. आल्यावर मी एकदमच भरपूर घातलं, तेव्हा उकलला. मला वाटलं, गेला हाही. पण आपला आपण भरून आला बघ."

मामांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तो फोटो आता आक्काच्या बैठकीत आहे. पाहुणे विचारतात, ही कुठली कोरडी नदी? आक्का चहा पुढे करते आणि म्हणते, "बसा, सांगते."