चौकटीवरच्या रेघा

माझ्या नातीच्या पाठीत आज दोन सळया आहेत. त्या तिच्या आईच्या हलगर्जीपणामुळे बसवाव्या लागल्या, असं आमच्या नात्यागोत्यात सगळे मानतात. ते खोटं आहे. ते खोटं डॉक्टरानं सांगितलं आणि मी मान डोलावली.

नात नऊ वर्षांची असताना वर्गात सर्वांत बुटकी होती. गोंदियाच्या एका डॉक्टरानं वाढीच्या हार्मोनची सुई सुरू केली. रोज संध्याकाळी ती मीच टोचायचो आणि दर महिन्याला फुलचूरच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर रेघ मारायचो. रेघा वर सरकत होत्या. मी जन्मभर मास्तरकी केली, पण एवढा अभिमान कुठल्या निकालाचा वाटला नव्हता.

दोन वर्षांनी शाळेचा ड्रेस शिवताना टेलर सुनेला म्हणाला, "भाभी, बच्ची का एक कंधा नीचे है. नाप दो बार लिया."

तिनं डॉक्टरला सांगितलं. तो खुर्चीतून उठला नाही. "दप्तराचं वजन," म्हणाला. पुढच्या खेपेलाही तेच. झपाट्यानं वाढणाऱ्या पोराचा मणका आधीच थोडा वाकडा असेल, तर वाढीबरोबर तो आणखी वाकू शकतो. म्हणून सुई चालू असताना पोराला पुढे वाकवून पाठ पाहत राहायची असते. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यानं फक्त उंची मोजली.

"मामाजी, नागपूरले दाखवून आणू," सून म्हणाली.

"कायले? तिथल्या डाक्टरायनं सुई बंद केली त वाढ थांबन," मी म्हणालो.

वर्ष गेलं. शेवटी नागपूरला नेलं, तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, "आधी आला असता, तर कदाचित पाठीला पट्टा बांधून भागलं असतं. आता ऑपरेशन."

गोंदियाच्या डॉक्टरानं आतल्या खोलीत माझ्या मुलाला सांगितलं, "आईनं लक्ष द्यायला हवं होतं." सून माझ्याकडे पाहत होती. तेव्हाच मी मान डोलावली.

गेल्या महिन्यात त्याच्या दवाखान्यात गेलो. भिंतीवर उंची वाढलेल्या मुलांच्या रांगेत, आम्हाला न विचारता, नातीचा हसरा फोटो लावलेला होता. खांद्यापासून वरचा. तिला विचारून आणलेला तिचा जुना एक्स-रे मी त्या फोटोवर चिकटवला आणि बाकावरच्या आयांना सगळं सांगितलं. माझ्या मानेसकट.

"गुरुजी, आत बसून बोलू," डॉक्टर म्हणाला.

"त्या दिवशी आतच बोललो होतो."

एक बाई लेकीला म्हणाली, "उठ वं, वाक बरं जराशी." त्या वेळचा त्याचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन सुनेला सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली.

"हे तवा बोलाचं होतं, मामाजी."

सळयांनी पाठ सरळ होऊन नातीची उंची दोन बोटं आणखी वाढली. मी पेन्सिल घेऊन चौकटीपाशी उभा राहिलो. तिनं पाठ टेकवली नाही.