दुसरं कडवं

पनवेल सोडलं त्या दुपारी माझ्या पायांत लोखंडी टोकाचे बूट होते, एकेक बूट घरच्या पाट्याएवढा जड. मस्कतच्या बंदरावर नोकरी लागली होती आणि एजंट म्हणाला होता, बूट आतापासून वापरून मऊ करा. तीन दिवस मी ते काढलेच नव्हते, झोपेतसुद्धा नाही. आई म्हणाली, "आरं, पाय हायेत का घोऱ्याचं खूर?"

जीप चारला येणार होती. तीन वाजता मी कुठे? धर्मानाखव्याच्या बारमध्ये, माइकसमोर.

तुमच्यापैकी जे तिथे बसलेत, मग आज पनवेलशेजारच्या करंजाड्यात असोत की दुबईत, त्यांना तो बार सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. खाडीतून होड्या थेट पनवेलच्या बंदराला लागायच्या तेव्हापासूनचा तो, जुन्या बाजारातला. एक गोरा साहेब तिथल्या बाकावरून उताणा पडला आणि त्या लाजेनेच इंग्रज देश सोडून गेले, असं मी मस्कतमध्ये सांगतो. लोक मान डोलावतात. आत, मोरीला लागून, चार दारांएवढं स्टेज. शनिवारी दुपारी मासळीबाजार उठला की तिथे गाणं. माझा दोस्त हिरू बेंजो वाजवायचा, मी गायचो. मी टिपेला गेलो की दोन कोसांवरच्या कामोठ्यातल्या ट्यूशनची पोरं पाढे विसरायची.

पण त्या स्टेजचं लाकूड साधं नव्हतं. नाखव्याचे दोन भाऊ ज्या होडीतून दर्यावर गेले ती एकदा रिकामीच किनाऱ्याला लागली. भाऊ आले नाहीत. नाखव्याने होडी मोडली आणि फळ्यांचं स्टेज केलं. म्हणून तिथे कायदे होडीचे. पायताण खाली. शीळ नाही. आणि शेवटचं गाणं नाखव्याने स्वतः रचलेलं: पहिल्या कडव्यात होडी बाहेर जाते, दुसऱ्यात परत येते. ते मध्येच सोडायचं नाही. कुणी पहिल्या कडव्यावर टाळी वाजवली की नाखवा गरजायचा, "थांबा रं, अजून दर्यान हायेत ती!"

त्या दिवशी मी बुटांसकट चढलो.

"बूट काढ रं, होरी हाय ती."

"नाखवा, फल्या हायेत नुसत्या. आन ह्या नाड्या सोराला दोन मानसं लागतात!"

सगळा बार हसला. पहिलं कडवं संपलं आणि बुटाखालची फळी कडाडली. वीज गेली नव्हती, तरी पंखे थांबले, शपथ घेतो. तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न. मी उडी मारून पळालो. हिरूचे हात बेंजोवर तसेच राहिले. दारात नाखव्याने माझा दंड धरला. ओरडला नाही, तेच वाईट.

"तू अजून दर्यान हायेस. येशील तवा अनवानी चढ, गाना पुरा कर. तवर तुना किनारा नाय."

जीपमध्ये मी ही गोष्ट ड्रायव्हरला हसत सांगितली. तो हसला नाही. त्याने गाडी हळू घेतली.

पहिल्या सुट्टीला वादळ आलं, असं की बंदरातली क्रेन अरबांच्या खजुराच्या बागेत जाऊन उभी राहिली. विमानं बंद. दुसऱ्या सुट्टीला बार गाठला तर निवडणुकीचा ड्राय डे, शटर खाली. हे मी नेहमी रंगवून सांगतो. तिसरी खेप कधी सांगत नाही. तिसऱ्या खेपेला शटर उघडं होतं, नाखवा समोर बसला होता, हिरूने बेंजो लावला होता. माझ्या पायांत चपलाच होत्या, काढायला किती वेळ? पण गाणं पुरं होऊन होडी किनाऱ्याला लागली तर मी मस्कतला परत कसा जाणार, असं मनात आलं. "पुढल्या येलेला," म्हणालो.

पुढच्या वेळेपर्यंत नाखवा गेला, बारच्या जागी टॉवरचा खड्डा पडला. हिरूने एक फळी वाचवली आणि चादरीत गुंडाळून ओळखीच्या माणसाबरोबर मला मस्कतला पाठवली. तीच, तडकलेली. हॉलमध्ये आरशासमोर ठेवली आहे. इथल्या हवेत भाकरी ताटात वाळते, पण त्या फळीखालची फरशी ओली असते.

गेल्या शनिवारी माझी मुलगी तनू त्या फळीवर उभी राहिली. शिकायला कॅनडाला चाललीय. बर्फातले नवे बूट घालून आरशात बघत होती.

"बूट काढ! होडी आहे ती!"

"बाबा, फळी आहे नुसती," ती हसत म्हणाली.

फळी कडाडली.

त्या दिवसापासून मी रोज अनवाणी चढतो. पहिलं कडवं खणखणीत येतं. पुढचा एक शब्द आठवत नाही. हिरूला फोन लावला, त्याने अख्खी चाल वाजवून दाखवली. "शब्द?" म्हटलं. "शब्द तुजं होतं रं," तो म्हणाला, "मी नुसता वाजवाचो."

घर म्हणजे पनवेल, असं मी इथे पंचवीस वर्षं छाती फुगवून सांगितलं. आता घर चार ओळींएवढं राहिलंय आणि त्या ओळी मला येत नाहीत.

तनूचं विमान शुक्रवारी आहे; त्याआधी होडी किनाऱ्याला लागायला हवी, नाहीतर तिलाही किनारा नाही. त्या बारमध्ये शनिवारी कधीकाळी बसलेलं कुणी हे वाचत असेल तर दुसरं कडवं कळवा. मोडकंतोडकं चालेल. बूट मी काढून ठेवलेत.