लोकरीचं तोरण

आमच्या मामाजींना आयुष्यात एकदाच चारचौघांत काहीतरी तोडायचा मान मिळाला, आणि ते तुटणार नाही याची व्यवस्था मी केली.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आंधळगावात आमचे हातमाग. शेत नाही म्हणून बैल नाहीत, आणि बैल नाहीत म्हणून पोळ्याला मामाजी जन्मभर बघ्यांच्या रांगेत. बैल तोरणाखाली उभे राहायचे, मानकऱ्याने तोरण तोडलं की पोळा फुटला. दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. बैलांच्या जागी चाकांचे लाकडी नंदी, बाकी रीत तीच. त्या वर्षी (सत्तरचं दशक सरत आलं होतं) पाटील घरी येऊन म्हणाले, "सोनबाजी, या साली तान्ह्या पोळ्याचं तोरण तुमी तोडा." मामाजींनी त्याच संध्याकाळी टोपीला नीळ दिली.

मी तेव्हा नवी सून. भंडाऱ्याच्या शाळेत शिकलेली, आणि शिकलेलं कुणालातरी शिकवल्याशिवाय जेवण न पचणारी! दुपारी गल्लीतली पोरं ओसरीवर जमवून मी त्यांना बोटांवरची साखळी शिकवत होते. सुई नको, काही नको. लोकरीचा फास करायचा, त्यातून बोटाने दुसरा फास ओढायचा, त्यातून तिसरा. पहिल्याच दिवशी चंदूने स्वतःचा अंगठा विणून टाकला. शकूची वेणी साखळीत गेली, तेव्हा तिची आई कात्री घेऊन आली. (कात्री वेणीसाठी होती की माझ्यासाठी, हे मी विचारलं नाही.)

पण हळूहळू पोरांची बोटं चालायला लागली, साखळी लांबत गेली आणि माझ्या डोक्यात आलं, या वर्षीचं तोरण पोरांच्या हातचं करू. मामाजींनी साखळी हातात घेतली आणि सवयीने ताणून पाहिली. ती तुटली.

"हे काय, सूनबाई? आपल्या घरचा धागा असा तुटते?"

"मामाजी, तोरणच तर आहे."

"तोरण असो का लुगडं. मागवाल्याच्या घरचं हाय. लोक नावं ठेवतीन."

मग दुहेरी लोकर घेतली. तीही तुटली. मग तिहेरी, आणि तिच्या जोडीला मागावरचं पिळाचं सूत. शेवटी आम्ही दोघांनी दोन टोकं धरून ओढली. मामाजी मागे सरकले, मी पुढे घसरले, साखळी जशीच्या तशी. "आता कसं," मामाजी म्हणाले. तोरण मुळात बांधतात कशासाठी, हे एवढ्या शहाण्यांच्या घरात एकालाही आठवलं नाही.

तान्ह्या पोळ्याला देवळासमोर दोन बांबू रोवले, मध्ये आमचं लाल-हिरवं तोरण, खाली नंदी धरून अख्खी गल्ली. सगळ्यांनी कौतुक केलं. मामाजी निळीची टोपी सारखी करून पुढे झाले, तोरणात काठी अडकवली आणि ओढली. तोरण खाली आलं, पार गुडघ्यापर्यंत आलं, आणि काठी सुटताच परत वर गेलं. जाताना पाटलांचा फेटा घेऊन गेलं.

"तोडा ना, सोनबाजी," कुणीतरी म्हणालं.

"तोडूनच राहिलो."

"मंग काहून तुटत नाही?"

"मजबूत हाय," मामाजी म्हणाले. आवाजात लाज होती आणि, खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही होता.

मग ते दोन्ही हातांनी तोरणाला लोंबकळले. पाय अधांतरी, टोपी घामाने भिजलेली. मला पदराआड रडू यायला लागलं. माणूस जन्मभर वाट पाहतो, आणि वेळ येते तेव्हा सुनेची हुशारी आडवी येते! मी सासूबाईंना हळूच विचारलं, "विळा आणू का?"

"गप राय. तोरण कापतेत का कुठं?" त्या म्हणाल्या.

तेवढ्यात एक बांबूच उपटून आडवा झाला. पोरं "फुटला, फुटला" करत सुटली. लोकर नंद्यांच्या चाकांत गुंतली. नंदी, तोरण, बांबू आणि पाटलांचा फेटा अशी सगळी वरात एकाच दोरीने गावभर निघाली. बांबूने दारोदारच्या रांगोळ्या पुसल्या. मागून मामाजी धावत होते, "अरे थांबा रे, तुटलं नाही अजून."

संध्याकाळी पारावर जाणत्या माणसांचा बराच खल झाला. निकाल लागला तो असा, की पोळा फुटला नाही, नुसता उपटला. म्हणजे सोनबाजींचा मान बाकी आहे, तो पुढच्या साली.

मामाजी हसतच घरी आले. "सूनबाई, पुढच्या सालीबी तोरण मीच तोडीन." माझा जीव भांड्यात पडला. मी लगेच विचारलं, "मग तोरण कसलं करायचं, मामाजी?"

"आंब्याच्या पानाचं. गावानं तशी अट घातली हाय."

"एवढीच ना?"

"आनखी एक हाय," मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुझ्या भावाले निरोप धाडून ठेवतो. पोळ्याच्या आधीच तुले न्यायले ये म्हनून."

सुनेला माहेरी कधी धाडायचं, हे बाकीच्या घरांत सासू ठरवते. माझं गावाने ठरवलं.