राखून ठेवलेला घड

दक्षिण गोलार्धातील हॅमिल्टनला मुलीकडे मुक्कामास असताना फाल्गुनातील एका रविवारी आम्हांला एका आर्मेनियन घरी भोजनाचे आमंत्रण आले. माझे जावई आणि त्या घरचा मुलगा ‘ते रापा’ नावाच्या उपनगरातील दुधाच्या कारखान्यात बरोबर काम करतात. परान्नाविषयी मी आयुष्यभर बिचकतच आलो आहे. जावयांची त्या दिवशी कारखान्यात पाळी होती, म्हणून गाडी मुलगी चालवत होती. मी पुन्हा पुन्हा विचारीत राहिलो, "आपण काय खात नाही, ते सांगितलं आहेस ना त्यांना?"

"सांगितलंय हो बाबा. ते म्हणाले, काळजी नको, सध्या आईसुद्धा ते खात नाही."

फाटकाशी त्या मुलाची आई उभी होती. वय माझ्याएवढे, अंगात काळा पोशाख. तिने माझे दोन्ही हात हातांत घेतले आणि आपल्या भाषेत पुष्कळ बोलली. मुलाने इंग्रजीत सांगितले, "आई म्हणते, किती उशीर केलात! अन्न केव्हाचं ताटकळलंय." आम्ही अगदी वेळेवर पोचलो होतो.

ईस्टरपूर्वीचा त्यांचा उपवासाचा काळ चालू होता. त्यात मांस नाही, अंडे नाही, दूधतूपही नाही. म्हणजे माझ्याहून कडक आचार. टेबलावर मांड्यासारखी पातळ लवाश नावाची रोटी होती. कोबीच्या पानांत गुंडाळून शिजवलेली कडधान्ये होती, अक्रोड होते, जर्दाळू होते, हिरव्या पाल्याची रास होती. मी निःशंक मनाने जेवलो. जरा थांबलो की ती माझ्या पानात आणखी वाढी आणि मुलगा हसे. "आजोबा, पान रिकामं ठेवू नका. तिला वाटतं तुम्ही उपाशी आहात. भरलेलं ठेवलंत, तर वाटतं तुम्हांला आवडलं नाही. सुटका नाही!"

मी घरून पेढे नेले होते. त्यांत दूध आहे हे कळताच तिने डब्याला ओठ टेकले आणि तो फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिला. "ईस्टरला," ती म्हणाली. तिने ते लगेच खाल्ले असते, तर मला एवढा संतोष झाला नसता.

मग ती अंगणात गेली आणि कुंपणावरच्या वेलीची काळी द्राक्षे टोपलीभर घेऊन आली. सर्वांत मोठा घड तिने माझ्यापुढे ठेवला. मुलीने एक मणी तोंडात टाकला. "बिया आहेत," ती मराठीत पुटपुटली. यजमानीण मात्र द्राक्षांना शिवली नाही. नैवेद्याच्या ताटाशी घरातली वडील बाई जशी बसते, तशी हात मांडीवर ठेवून बसली होती. मी कारण विचारले.

"आई ही खात नाही," मुलगा म्हणाला. "आमच्याकडे ऑगस्टमध्ये मेरीमातेच्या सणाला पहिली द्राक्षं चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. त्याआधी ती तोंडात घालत नाही. आणि इथे द्राक्षं पिकतात आत्ता. ऑगस्टमध्ये वेलीवर पानही नसतं. ही वेल बाबांनी लावली. ते गेल्यानंतर तिला पहिलं फळ आलं. आईनं अजून एकदाही चाखलं नाही. मी म्हणतो, आई, या देशात ऋतूच उलटे आहेत, देव समजून घेईल."

म्हातारी ताडकन काही बोलली. मुलाने मान खाली घालून सांगितले, "म्हणते, ऋतू उलटे झाले, देव उलटा झालेला नाही."

आमच्या घरी अक्षय्यतृतीयेला पितरांना अर्पण केल्यावाचून आंबा कोणी खात नाही. ऐन वैशाखात बाजारभर सुटलेल्या त्या वासातून मान खाली घालून घरी येणे मला ठाऊक आहे. मी हातातला मणी परत घडाजवळ ठेवला.

"बाबा!" मुलगी दबक्या आवाजात म्हणाली. "खा ना. वाईट वाटेल त्यांना."

वाईट वाटलेच होते. यजमानिणीचा चेहरा पडला. तिच्या घरून पाहुणा द्राक्षे न खाता उठत होता. मी फ्रीजकडे बोट दाखवले आणि मुलाला म्हटले, "त्यांना सांगा, मी नाही म्हणत नाही. माझे पेढे त्यांनी राखून ठेवले, तसा माझा वाटा त्यांनी राखावा. ऑगस्टअखेरपर्यंत मी इथेच आहे. त्या खातील त्या दिवशी मी खाईन."

ती फ्रीजकडे पाहत राहिली, मग मोठ्याने हसली आणि कात्री घेऊन उठली. त्यांच्या गावी थंडीसाठी द्राक्षांचे घड दोऱ्यांनी आढ्याला टांगून ठेवत, असे मुलाने सांगितले. "इथे तिनं कधीच टांगले नाहीत. एकटीसाठी कशाला, म्हणायची." पाहुण्याच्या वाट्यासाठी मात्र त्याच दुपारी गॅरेजात दोऱ्या बांधल्या गेल्या.

ईस्टरला पेढे आवडल्याचा निरोप आला. पुढचे निरोप चांगले नव्हते. इथला हिवाळा ओला. घडांना बुरशी धरू लागली. ती रोज नासके मणी खुडी, दारे उघडून वारा देई. मी गेलो की आम्ही दोघे गॅरेजात उभे राहून वर पाहत असू. हळूहळू टोपलीभर द्राक्षांतला एकच सुरकुतलेला घड उरला.

सणाच्या संध्याकाळी मुलाने टीव्हीवर त्यांच्या देशातील चर्चमधली पूजा लावली. तिथे तेव्हा सकाळ होती. इथे जवळपास त्यांचा धर्मगुरू नाही. तिने घड बशीत ठेवला, पण मन शंकित होते. मुलाकरवी तिने मला विचारले, "काचेतून आशीर्वाद पोचतो का?"

तिच्या धर्माचा निर्णय देण्याचा अधिकार मला नव्हता. माझ्या घरचे तेवढे सांगितले, "मुलगी पुण्याच्या गुरुजींकडून फोनवर पूजा सांगून घेते."

"आणि प्रसाद तुम्ही घेता?"

"घेतो."

तिने बशी उचलली आणि पडद्यावरच्या धर्मगुरूचा हात खाली येईपर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवली. मग पहिला मणी माझ्यापुढे केला. मी हात मागे घेतला. पाहुण्याआधी खाणे तिला जमेना, तिच्याआधी खाणे मला. शेवटी मुलाने वैतागून दोघांच्या हातांवर एकेक मणी ठेवला.

तिने डोळे मिटून सावकाश खाल्ला. बी तळहातावर घेतली आणि काहीतरी म्हणाली. मुलाला हसू आवरेना, डोळेही पुसावे लागले.

"म्हणते, इतके महिने टांगूनही आंबटच! रोपवाटिकेतच मी तुझ्या बाबांना सांगितलं होतं, ही वेल घेऊ नका."

आणि तिने दुसरा मणी तोडला.